घसारा आणि तेलाचा थेंब

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला काही शब्द जन्मभर चिकटतात. तारण, थकबाकी, येणं-देणं, आणि त्यांच्याच पंगतीतला ‘घसारा’. यंत्र असो, टेबल-खुर्ची असो की जीपगाडी, दर वर्षी मार्चअखेर तिची किंमत ठरावीक टक्क्यांनी कमी करायची आणि त्या रकमेपुढे लिहायचं, घसारा. पस्तीस वर्षं मी हा शब्द यांत्रिकपणे लिहिला आणि वाचला. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, शब्द उलटेपालटे करून बघायची खोड लागली, तेव्हा जाणवलं की हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याची नजर मोठी तीक्ष्ण असली पाहिजे. इंग्रजीतला शब्द एवढंच सांगतो की किंमत उतरली. मराठी शब्द ती का उतरली तेही सांगून टाकतो. वस्तू घासते म्हणून.

हा घसारा डोळ्यांनी पाहायचा, बोटाला लावून बघायचा असेल, तर दाराशी उभ्या असलेल्या सायकलच्या चेनवरून एक बोट फिरवावं. जे काळं लागतं त्यात थोडं तेल असतं, थोडी धूळ असते, आणि उरलेलं असतं त्या चेनचंच झिजून बाहेर आलेलं लोखंड. ताळेबंदात वर्षातून एकदा दिसणारी गोष्ट इथे रोज पँटच्या पायाला लागते. रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायला विषय जरा तेलकट आहे खरा. पण या काळ्या डागात बराच हिशेब दडलेला आहे.

साध्या काळ्या सायकलच्या चेनमध्ये साधारण ११२ कड्या असतात. एक बाहेरची, एक आतली, अशा आलटून-पालटून. बाहेरच्या कडीत दोन पट्ट्या आणि दोन पिना. आतल्या कडीत दोन पट्ट्या, दोन बुश म्हणजे बारीक नळ्या, आणि त्या नळ्यांवर फिरणारे दोन रोलर. बेरीज केली तर ११२ कड्यांच्या चेनमध्ये ५६० सुटे भाग भरतात. शे-दीडशे भागांचं मनगटी घड्याळ आपण रात्री उशाशी जपून ठेवतो, आणि साडेपाचशे भागांची चेन रस्त्याच्या धुळीत उघडी फिरवतो.

ही रचना हान्स रेनॉल्ड या माणसाची. जन्माने स्विस असलेला हा तरुण इंग्लंडात मँचेस्टरला आला. कापडगिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवणारा एक लहान कारखाना त्याने विकत घेतला आणि १८८० मध्ये बुश-रोलर चेन तयार केली. त्याआधीच्या चेनमध्ये पिनेचा सगळा भार पातळ पट्टीच्या कडेवर पडे आणि ती कड लवकर कापली जाई. रेनॉल्डने मध्ये नळी घातली, भार पिनेच्या रुंदीभर वाटला गेला. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन जवळपास सारखी चाकं, मध्ये पेडल आणि मागच्या चाकाला चेन. आपली सायकल तिच्याच कुळातली. डिसेंबर १९०३ मध्ये राइट बंधूंचं विमान जमिनीवरून उचललं गेलं, तेव्हा त्याचे पंखे फिरवत होत्या त्याही चेनच. दोघे भाऊ मुळात सायकलवाले होते. आज मुलं पन्नास-साठ हजारांच्या गिअरच्या सायकली घेतात. त्यांच्या चेनची जाडी कमी झाली, आतली रचना थोडी बदलली, पण एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर जुन्या काळ्या सायकलमध्ये होतं तेवढंच राहिलं आहे. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर.

‘चेन ताणली गेली’ असं आपण म्हणतो. पोलादाच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि नळी एकमेकींवर घासतात, प्रत्येक सांध्यात किंचित फट पडते, आणि त्या फटींची बेरीज म्हणजे ताणलेली चेन. जुन्या सवयीने मी आकडे मांडून पाहिले. एका सांध्यात केसाच्या जाडीइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतकी झीज धरली, तर ११२ सांध्यांची मिळून ती ७ मिलिमीटर होते. एवढ्यावर चेन सैल पडते, वाजते आणि चढावर जोर लावला की नेमकी तेव्हाच पडते.

ही झीज मोजायला घरातली फूटपट्टी पुरते. चेन ताठ धरायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचा आणि बारा इंचांवरची पिन पाहायची. नव्या चेनमध्ये ती बरोब्बर बारावर असते. इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठव्या भागाने सरकली असेल तर उशीर झाला. तोवर चेनव्हील आणि फ्रीव्हील यांचे दातेही झिजून आकड्यासारखे वळलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर नीट बसत नाही. एका चेनचा खर्च टाळणाऱ्याला मग तिन्ही वस्तूंचा खर्च येतो. यालाच आमच्याकडे चक्रवाढ म्हणत.

आता तेलाकडे येऊ. चेन कुरकुरू लागली की तेलाची बुधली घ्यायची, पेडल फिरवत वरून धार सोडायची, आवाज थांबला की हात पुसून मोकळं व्हायचं, ही घरोघरची रीत. पण चेनवर जे तेल दिसतं, त्याचं तिथे काही काम नसतं. तेलाचं काम पिन आणि नळी यांच्यामधल्या, नळी आणि रोलर यांच्यामधल्या फटीत. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. तेल आणि वाळू एकत्र आली की गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला वापरतात त्या जातीची पेस्ट तयार होते. आपण तेल घालून चेन घासायला मसाला पुरवतो आणि समजतो की निगा राखली.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक जेम्स स्पायसर यांनी चेनवर प्रयोग केले, त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये जाहीर झाले. पेडलला दिलेल्या ताकदीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत ताकद चेन मागच्या चाकाला पोचवते, असं त्यांना आढळलं. माणसाने केलेल्या यंत्रांत इतका प्रामाणिक मध्यस्थ विरळा. गंमत पुढेच आहे. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनला तेल असलं काय आणि नसलं काय, या आकड्यात फारसा फरक पडेना. मग तेल कशासाठी? त्यांचं म्हणणं असं की तेल फटीतली जागा अडवून बसतं, म्हणून तिथे घाण शिरत नाही. परगावी जाताना आपण घरात विश्वासू माणूस ठेवून जातो, तसंच हे. शिवाय प्रयोगशाळेत पाऊस पडत नाही. आपल्याकडे चार महिने पडतो, आणि तेलाचा पातळ थर नसेल तर एका रात्रीत चेनवर तांबूस गंज धरतो.

वंगणाचं महत्त्व आपल्या लोकांना सांगायला नको. बैलगाडीखाली वंगणाचं भांडं लटकलेलं असे आणि आस वंगणल्याशिवाय गाडीवान लांबच्या वाटेला लागत नसे. सायकलच्या दुकानात मात्र एका शब्दाने घोटाळा केला. सगळी सायकल खोलून, धुऊन, छर्रे बदलून, ग्रीस भरून पुन्हा जोडायची, या कामाला इंग्रजीत ओव्हरहॉलिंग म्हणतात. आपल्याकडे त्याचं ‘ओव्हरऑइलिंग’ झालं. शब्द गोड आहे, पण त्यामुळेच की काय, जास्त तेल म्हणजे जास्त निगा हा समज पक्का झाला.

तेव्हा पाककृतीच्या पुस्तकात देतात तशी ही कृती देतो.

साहित्य: एक जुना टूथब्रश, जुन्या बनियनच्या तीन-चार चिंध्या, वाटीभर रॉकेल, शिलाई मशीनच्या तेलाची लहान बाटली, आणि खाली अंथरायला वर्तमानपत्र. ही पुरवणी चालेल, वाचून झाल्यावर. रॉकेल आता बहुतेक घरांतून गेलं आहे. ते नसेल तर डिझेल घ्यावं, पण पेट्रोल घेऊ नये. त्याचा भडका उडायला एक ठिणगी पुरते. काम उघड्यावर करावं, आणि जवळ बिडी, उदबत्ती, शेगडी काही नसावं.

सायकल स्टँडवर लावायची. कोरडी चिंधी चेनच्या खालच्या सरळ भागाभोवती धरायची आणि पेडल उलटं फिरवायचं. फ्रीव्हीलमुळे मागचं चाक जागेवर राहतं आणि चेन तेवढी चिंधीतून सरकते. हात दात्यांपासून वीतभर लांब हवा. चाक फिरवत दात्यांजवळ फडकं धरू नये, फडक्यामागोमाग बोटही आत जातं. घरात लहान मुलं असतील तर हे आधी सांगावं आणि मग तेलाला हात लावू द्यावा.

वरची घाण निघाली की ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेन चारी बाजूंनी घासायची. चेनव्हील आणि फ्रीव्हीलच्या दात्यांमधला चिकटा काडीने काढायचा. रॉकेल टायरवर, ब्रेकच्या रबरावर किंवा चाकाच्या मध्यातल्या छर्‍यांत जाऊ द्यायचं नाही. नवी चिंधी धरून पुन्हा पुसायचं. चिंधीवरचा डाग काळ्याचा करडा होईपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. मग तासभर उन्हात वाळू द्यायचं. काळं झालेलं रॉकेल मोरीत किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नये. बाटलीत भरून ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुढच्या वेळेला कामी येतं. बाटलीवर नाव लिहावं आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

आता तेल. चेनच्या जोडावर जे लॉक असतं तिथून सुरुवात करायची, म्हणजे फेरा कुठे पुरा झाला ते कळतं. प्रत्येक रोलरवर, पट्ट्यांच्या सांध्यापाशी, एक थेंब. ११२ कड्यांना ११२ थेंब म्हणजे सगळं मिळून जेमतेम चहाचा एक चमचा. नंतर पेडल मिनिटभर उलटं फिरवायचं, तेल फटीत मुरायला अर्धा तास द्यायचा, आणि शेवटी कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि आताच घातलेलं तेल पुसायचं जिवावर येतं म्हणून तीच गाळली जाते. काम नीट झालं असेल तर चेन जवळजवळ कोरडी दिसते.

खोबरेल किंवा खायचं तेल घालू नये. खोबरेल थंडीत बाटलीतसुद्धा गोठतं, आणि खायची तेलं हवेने चिकट होतात. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनातला लोखंडाचा चुरा असतो. दुसऱ्याचा घसारा आपल्या खाती घेण्यासारखं ते आहे. ग्रीस छर्‍यांसाठी उत्तम, पण चेनच्या फटीत ते शिरत नाही. गंज सोडवणारे फवारे अडकलेली कडी मोकळी करतात. त्यानंतर तेल घालावंच लागतं.

दोन बारीक गोष्टी. लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं आणि उघडं टोक मागे, म्हणजे ते कशाला अडकून निघत नाही. आणि चेनच्या खालच्या भागाला मध्यावर बोटाने वर-खाली केलं तर साधारण अर्धा इंच हालचाल हवी. अगदी ताठ चेन सगळ्याच भागांना लवकर झिजवते. रोजच्या सायकलला आठवड्यातून एकदा कोरडं पुसणं आणि दोन-तीन आठवड्यांनी तेल पुरतं. पावसात भिजली तर त्याच दिवशी पुसून तेल. दसऱ्याला आपण सायकल धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. सुंदर प्रथा आहे. पण त्या दिवशी चेनमध्ये गेलेलं पाणी आतच राहतं, म्हणून हार घालण्याआधी चेन पुसून तेलाचा हात फिरवला तर पूजा खऱ्या अर्थाने पोचेल.

चेनकडे इतक्या बारकाईने पाहायला मला एका माणसाने शिकवलं. १९९० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. बसस्टँडसमोर एकाचा टेलिफोन बूथ होता. त्या काळी अपंगांना असे बूथ मिळत. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेलेले. एका शिबिरात मिळालेल्या तीनचाकी सायकलवरून तो रोज बँकेत भरणा करायला येई. पुढ्यात, छातीच्या उंचीवर, हाताने फिरवायचं पेडल, आणि तिथून सरळ खाली पुढच्या चाकावर उतरणारी चेन. सीटखाली सुतळीने बांधलेली शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि पिशवीत एक फडकं. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तो बूथमध्ये बसल्या-बसल्या चेन पुसताना दिसे. चेन छातीसमोर असल्यामुळे जरा जास्त तेल झालं तरी शिंतोडे सदऱ्यावर येत. त्यामुळे थेंबाथेंबाचा हिशेब त्याला कुणी शिकवावा लागला नव्हता.

एकदा मार्चअखेरच्या धांदलीत तो काउंटरपाशी थांबला होता. आत आमची घसाऱ्याची आकडेमोड मोठ्याने चालली होती. तो म्हणाला, ‘साहेब, गाडीचा घसारा तुम्ही वहीत लिहिता. माझ्या खांद्यांचा कुठे लिहायचा?’

मी विचारलं, ‘म्हणजे काय हो?’

‘पायाने सायकल मारणाऱ्याला चेन सुकली तरी कळत नाही. मांड्यांत जोर असतो. माझे हातच माझे पाय. चेनला तेल असलं तर संध्याकाळी हात डोक्यापर्यंत जातो. नसलं तर केस विंचरायलाही आईला हाक मारावी लागते.’

त्यानंतर वसुलीसाठी खेडोपाडी फिरताना माझं लक्ष आपोआप जाऊ लागलं. त्याच शिबिरातल्या आणखी तीन तीनचाकी मला दिसल्या. एकीवर दोडक्याचा वेल चढला होता. एक कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवलेली. तिसरीची चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती. तिचा धनी, पंचविशीचा मुलगा, ओसरीवर बसून होता. त्याची आई म्हणाली, ‘चेन अडकली बघा. दुकान तालुक्याला. आता ही गाडी न्यायची कुणी, आणि याला न्यायचं कुणी?’

त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तुमची-आमची सायकल बिघडली तर आपण ती हाताने ढकलत दुकानापर्यंत नेतो. तीनचाकीवाल्याला दुकानापर्यंत नेणारी वस्तूच बिघडलेली असते. चेनच्या सांध्यात केसाएवढी जागा गंजाने धरली की एका माणसाचं शाळेत, बाजारात, कामावर जाणं थांबतं, आणि त्याची कुठे नोंद होत नाही. शिबिराच्या अहवालात तीनचाकी वाटल्याचा आकडा असतो, आणि तो खराच असतो.

कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची स्थापना १९७२ ची. हाताने चालवायच्या तीनचाकी ती बनवते, आता बॅटरीवर चालणाऱ्याही देते. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत वेळच्या वेळी दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. एका सायकलने मुलीचं शिक्षण पुढे सरकतं, हे आता आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे. ती सायकल किती वर्षं चालेल हे मात्र चेन ठरवते.

आमच्या कर्जाच्या अर्जात किमतीचा रकाना होता, हप्त्याचा होता, विम्याचा होता. तेलाचा नव्हता. देणग्यांच्या कागदांतही तो सहसा नसतो. म्हणून वाटतं, जे कुणी सायकली किंवा तीनचाकी देतात, त्यांनी प्रत्येक गाडीबरोबर तेलाची एक बाटली, एक ब्रश, एक फडकं आणि अर्ध्या तासाचं शिक्षण द्यावं. फोटो काढून झाल्यावर दिलं तरी हरकत नाही. शाळांनी एखाद्या शनिवारी मैदानात सगळ्या मुलींच्या सायकली ओळीने लावून हे काम त्यांच्याच हातून करून घ्यावं. बोटं काळी झाली की गोष्ट लक्षात राहते.

माझी त्या गावाहून बदली झाली तेव्हा बूथवाल्याच्या गाडीला सहा वर्षं होऊन गेली होती. चेन त्याने एकदा बदलली होती. दाते मूळचेच होते. आमच्या वहीच्या नियमाने तोवर त्या गाडीची किंमत जवळजवळ काहीच उरली नसती.

ही पुरवणी तुमच्या दारात टाकणारा मुलगा सायकलवरून येत असेल, तर पुढच्या रविवारी जरा लवकर उठून त्याच्या चेनचा आवाज ऐका. कुरकुरत असेल तर त्याला दोन मिनिटं थांबवा. त्याच्याकडे सकाळी वेळ नसतो, तेव्हा बाटली आणि फडकं आधीच बाहेर काढून ठेवा.